हाताची थाप आणि विजेचा नाद

हलगी वाजविणारा मनुष्य वादनास उभा राहण्यापूर्वीं काय करतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. चार काटक्या गोळा करून तो जाळ करतो, त्या जाळावर हलगीचें कातडें शेकतो, मधून मधून बोटानें टिचकी मारून आवाज पारखतो, आणि कातडें मनासारखें ताणलें गेलें म्हणजेच काठी हातांत घेतो. पखवाजी डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो. कणीक वाढविली कीं नाद खालीं उतरतो, खरवडून कमी केली कीं वर चढतो. तबलजी हातोडीनें गट्टे ठोकून तबला सुरांत आणतो. तबल्यावरील शाई ही तर या कारागिरीची परमावधीच होय. साध्या ढोलाच्या नादांत जे उपस्वर बेसूर उमटतात, ते शाईच्या भारामुळें मूळ स्वराशीं जुळून येतात, हें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं प्रयोगानें दाखवून दिलें. तात्पर्य, आपलें वाद्य उघडणें, बदलणें, सुधारणें हें तालवाद्य वाजविणाऱ्याचें परंपरागत काम आहे. तो निम्मा वादक आणि निम्मा कारागीर असतो.

या सर्व वाद्यांत एक गोष्ट समान आहे. थाप आणि नाद या तेथें दोन निराळ्या वस्तु नाहींत. हात कोठें पडला, किती जोरानें पडला, पडून तेथेंच राहिला कीं उचलला गेला, तें सर्व नादांत जसेंच्या तसें उमटतें. विसाव्या शतकांत विजेनें या दोहोंची ताटातूट केली. नाद कातड्यांतून निघून तारांच्या जंजाळांत जाऊन बसला, आणि हाताला काम उरतें कीं नाहीं, असा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाचें उत्तर लागावयास पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. त्या वर्षांचा वृत्तान्त आज मंचावरील 'ऑक्टोपॅड' पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावा, असा आहे.

या वृत्तान्ताचा आरंभ अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं होतो. हेन्री कॉवेल नांवाचा एक अमेरिकन संगीतकार होता. स्वरांच्या कंपनसंख्यांत जीं प्रमाणें आढळतात तींच लयींतहि उतरवावीं, असा विचार त्यानें १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला होता. एकानें तीन आघात करावे आणि तेवढ्याच वेळांत दुसऱ्यानें चार करावे, हें आपल्याकडील लयकारीला नवें नाहीं. परंतु पांच, सात, अकरा, तेरा अशा लयी एकाच वेळीं चालवावयाच्या म्हणजे तें मानवी हातांच्या आवांक्याबाहेरचें काम होतें. म्हणून कॉवेलनें लेव्ह थेरेमिन या रशियन शास्त्रज्ञास गांठलें. थेरेमिन त्या वेळीं न्यूयॉर्कमध्येंच राहत असे. वाद्यास स्पर्श न करतां, नुसते हात हवेंत हालवून जें वाजवितां येई, अशा एका विद्युत्-वाद्यामुळें त्याची कीर्ति झालेली होती.

थेरेमिननें १९३१ सालीं 'ऱ्हिदमिकॉन' नांवाचें यंत्र तयार केलें. भोंकें पाडलेल्या फिरत्या चकत्यांतून प्रकाशाचा किरण जाई, तो प्रकाशास संवेदी अशा घटावर पडे, आणि किरण जसा तुटे व जुळे तसे आघात ऐकूं येत. अशा सोळा लयी त्या यंत्रांत होत्या. पट्टी दाबून धरली कीं लय चालू होई. बोट उचललें कीं थांबे. १९३२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें त्याचा जाहीर प्रयोग झाला. यंत्र विलक्षण होतें, पण तें रुजलें नाहीं. थेरेमिन १९३८ सालीं रशियास परतला आणि त्याच्या मागें हें यंत्र विस्मृतींत गेलें. तथापि एक गोष्ट त्यानें सिद्ध करून दाखविली होती. ताल हा आतां कोणीहि ठोका न देतां चालूं शकत होता.

पुढील पाऊल दुसऱ्या महायुद्धानंतर पडलें. अमेरिकेंतील सुखवस्तु घरांत तेव्हां विजेवर चालणारा ऑर्गन शिरला होता. घरांत एकटा वाजविणारा. त्याला साथीदार कोठून मिळणार? ही अडचण ओळखून वुर्लिट्झर कंपनीनें १९५९ सालीं 'साइडमन' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. साइडमन म्हणजे मुख्य वादकाच्या शेजारीं बसून साथ करणारा मनुष्य. लांकडी पेटींत एक मोटार होती. ती एक दांडा फिरवी, तो दांडा चकतीवरील धातूच्या बिंदूंना क्रमानें स्पर्श करी, आणि प्रत्येक स्पर्शासरशी निर्वात नलिकांतून ढोलाचा, झांजेचा किंवा लांकडी ठोकळ्याचा आवाज निघे. वाल्ट्झ, टँगो, फॉक्स-ट्रॉट, जो हवा तो ठेका बटणावर मिळूं लागला.

यंत्राला माणसाचें नांव दिलें, यांतच पुढची गोष्ट आली. ज्या लहान हॉटेलांत व नृत्यगृहांत तीन-चार वादक पोट भरीत, तेथें ढोल वाजविणाऱ्याची जागा एक लांकडी पेटी घेऊं शकते, हें मालकांच्या लगेच ध्यानांत आलें. तें वादकांच्याहि ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं. त्यांची भीति अनाठायीं नव्हती. ताल धरणाऱ्याच्या पोटावर यंत्राचा पाय येतो कीं काय, हा प्रश्न तेव्हांपासून आजतागायत मिटलेला नाहीं.

अमेरिकेंतील हें यंत्र जपानांत पोंचलें आणि तेथें त्याला अधिक चिकित्सक गिऱ्हाईक भेटलें. टोकियो शहराच्या शिंजुकू भागांत त्सुतोमु कातो यांचा एक नाइट-क्लब होता. तेथें तादाशि ओसानाइ हे अकॉर्डियन वाजवीत आणि साथीला साइडमन ठेवीत. ओसानाइ हे टोकियो विद्यापीठाचे पदवीधर. साथीदाराचें काम त्यांना पसंत पडेना. यापेक्षां चांगलें यंत्र करतां येईल, असें त्यांनीं कातो यांना पटविलें, आणि दोघांनीं मिळून कंपनी काढली. १९६३ सालीं त्यांचें 'डोन्का-मॅटिक' बाहेर पडलें. ढोलाच्या आवाजाचें अनुकरण करणाऱ्या शब्दावरून तें नांव घेतलें होतें. 'धा', 'तिन्', 'ना' अशा बोलांनीं तबला शिकणाऱ्या आपल्या लोकांना या नामकरणाचें मर्म सांगावयास नको. हीच कंपनी पुढें कॉर्ग या नांवानें जगभर प्रसिद्धीस आली.

याच सुमारास ओसाका शहरीं आणखी एक मनुष्य या कामाला लागला होता. त्याचें नांव इकुतारो काकेहाशि. जन्म १९३० चा. लहानपणींच आईबाप गेले. युद्धानंतरच्या हलाखींत सोळाव्या वर्षीं त्यानें घड्याळें दुरुस्त करण्याचें दुकान काढलें. पुढें क्षयानें गांठलें आणि कित्येक वर्षें रुग्णालयांत काढावीं लागलीं. त्या काळीं नव्यानें आलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधानें तो वांचला. बरा झाल्यावर त्यानें रेडिओ दुरुस्तीचा धंदा केला, आणि १९६० सालीं एस इलेक्ट्रॉनिक नांवाची कंपनी काढली. संगीताचें पद्धतशीर शिक्षण त्याला मिळालेलें नव्हतें. पण यंत्र उघडावें, बिघाड शोधावा आणि तें पूर्वीपेक्षां चांगलें करून बंद करावें, ही दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टि त्याच्यापाशीं होती.

१९६४ सालीं काकेहाशीनें 'ऱ्हिदम एस' हें यंत्र अमेरिकेंतील व्यापाऱ्यांपुढें मांडलें. निर्वात नलिकांऐवजीं त्यांत ट्रान्झिस्टर होते. त्याची खरी विशेषता अशी कीं, त्यांत आयता ठेका मुळींच नव्हता. बटणें होतीं, बटण बोटानें दाबावें तेव्हां आवाज निघावा. म्हणजे हात परत आला होता. परंतु बटण कितीहि जोरानें दाबलें तरी आवाज तेवढाच. थाप हळुवार आहे कीं जोरकस, हें बटणाला कळत नव्हतें. व्यापाऱ्यांनीं तें उचललें नाहीं. १९६७ सालीं त्यानें आयते ठेके असलेलें यंत्र काढलें, तें मात्र चांगलें खपलें. बाजारानें असा निकाल दिला कीं, लोकांना ताल हवा आहे, वादक नको आहे. काकेहाशीनें १९७२ सालीं रोलंड ही नवी कंपनी काढली. पुढील कथेंत तिचा संबंध वारंवार येईल.

आतां, वीज ढोलाचा आवाज काढते तरी कशी, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. त्यावांचून पुढील गोष्टी उलगडणार नाहींत. ढोलावर काठी पडली कीं तीन प्रकार घडतात. आरंभीं काठीचा 'टक्' असा क्षणिक आवाज होतो. मग कातड्याचा घुमारा उठतो आणि विरत जातो. आणि विरतां विरतां त्याचा सूर किंचित् खालीं घसरतो, कारण आघातानें ताणलेलें कातडें पुन्हा सैल पडत असतें. हे तिन्ही प्रकार विद्युत्-मंडलांत वेगवेगळे घडवितां येतात. एक मंडल ठराविक सुराचीं कंपनें उत्पन्न करतें, दुसरें त्यांना हळूहळू विरवितें, तिसरें सूर खालीं ओढतें. ज्या ढोलाखालीं तारा लावलेल्या असतात त्याचा 'छर्र' असा आवाज हवा असेल, तर त्यांत खरखर मिसळावी लागते. रेडिओवर दोन केंद्रांच्या मधोमध कांटा ठेवला असतां जो खळखळाट ऐकूं येतो, तोच गाळून घेऊन येथें कामास येतो. निरुपयोगी म्हणून ज्या आवाजाला श्रोते कंटाळतात, त्यांतूनच झांज आणि ताशा घडतात.

राहिला प्रश्न थापेचा. थापेचा जोर विजेला कळवावयाचा कसा? याचें उत्तर तालवाद्यांशीं कांहींएक संबंध नसलेल्या एका शोधांत पूर्वींच दडलेलें होतें. १८८० सालीं फ्रान्समध्यें झाक व पिएर क्यूरी या बंधूंना असें आढळून आलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्-भार उत्पन्न होतो. दाब जितका अधिक, तितका भार अधिक. पुढें हाच गुण असलेले कृत्रिम पदार्थ भट्टींत भाजून करतां येऊं लागले. पितळेच्या पातळ चकतीवर असा पदार्थ बसविला आणि ती चकती रबराच्या गादीखालीं चिकटविली कीं झाला 'पॅड' तयार. गादीवर काठी पडली कीं चकती किंचित् दबते, विजेचा एक लहानसा झटका उठतो, आणि तो झटका आवाजाच्या मंडलाला जाऊन जागें करतो. झटक्याच्या प्रमाणांत आवाज लहान-मोठा होतो. बटणाला जें कळत नव्हतें, तें पॅडला कळूं लागलें.

हा मार्ग चोखाळण्याचा एक आरंभींचा यत्न इंग्लंडांत झाला. मूडी ब्लूज या वाद्यवृंदाचा ढोलवादक ग्रेम एज यानें ससेक्स विद्यापीठांतील ब्रायन ग्रोव्हज यांच्या साह्यानें विजेचा एक ढोलसंच बनविला आणि १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेंत तो वाजविला. पांच वर्षांनंतर, १९७६ सालीं, अमेरिकेंत जो पोलार्ड व मार्क बार्टन यांनीं 'सिनड्रम' बाजारांत आणला. त्याचा सूर वरून झपाट्यानें खालीं घसरत येई, आणि तो 'प्यूं' असा आवाज त्या काळच्या नृत्यगीतांत इतका बोकाळला कीं थोड्याच वर्षांत लोकांना त्याचा वीट आला. पण यंत्राचा यांत दोष नव्हता. त्याच्या खुंट्या फिरवून शेंकडों आवाज काढतां आले असते. बहुतेक वादकांनीं पहिला सांपडला तोच धरून ठेवला.

विजेच्या ढोलाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९८१ सालीं. इंग्लंडांतील डेव्ह सिमन्स यानें रिचर्ड जेम्स बर्जेस या ढोलवादकाच्या सल्ल्यानें 'एस्. डी. एस्. पांच' हा संच तयार केला. त्याचे पॅड मधाच्या पोळ्यांतील घरांसारखे षट्कोणी होते. प्रत्येक ढोलासाठीं पेटींत स्वतंत्र मंडल आणि त्यावर स्वतंत्र खुंट्या होत्या: घुमारा किती, खरखर किती, सूर किती घसरावा, नाद किती वेळांत विरावा, आरंभींचा 'टक्' किती. तालवादकाला आपल्या वाद्याचा आवाज अंशाअंशानें घडवितां यावा, अशी ही योजना होती. पाश्चात्त्य गीतसंगीतांत त्या दशकाचा आवाज म्हणून जो ओळखला जातो, त्यांत या षट्कोणी पॅडांचा मोठा वांटा आहे.

परंतु या नव्या वाद्यानें एक जुना हिशेब विसरला होता. पॅडांचा पृष्ठभाग ज्या पॉलिकार्बोनेटचा होता, तें इतकें कठीण असतें कीं पोलिसांच्या ढाली त्याच्या करतात. कातडें काठीला झेलतें, थोडें आंत जातें आणि परत उसळवितें. वादकाचें मनगट निम्मे श्रम त्या उसळीवर भागवितें. हें प्लॅस्टिक मात्र कांहींच झेलीत नसे. आघाताचा सगळा धक्का काठींतून मनगटांत आणि मनगटांतून कोपरांत जाई. रोज तासन् तास वाजविणाऱ्यांचीं मनगटें दुखूं लागलीं. नाद पेटींत गेला म्हणून आतां थाप कशावरहि मारली तरी चालेल, ही समजूत चुकीची ठरली. कान फसतो, पण हात फसत नाहीं. पुढें कारखानदारांनीं पॅडांवर मऊ रबर चढविलें. १९९७ सालीं रोलंड कंपनीनें कातड्याप्रमाणें ताणून बसविलेल्या विणीच्या जाळीचे पॅड आणले. जाळीवर काठी पुन्हा उसळूं लागली. ज्या गुणासाठीं माणसानें हजारों वर्षें कातडें वापरलें, तो गुण विजेच्या वाद्याला अखेर परत आणावा लागला.

याच काळांत वादक आपल्या जुन्या, कारागिराच्या भूमिकेकडे वळले. इंग्लंडांतील हौशी लोकांच्या मासिकांत विद्युत्-ढोलाचे आराखडे छापून येऊं लागले. रोलंड कंपनीनें ॲमडेक या नांवाखालीं तालवाद्याच्या सुट्या भागांचा संच विकावयास काढला. घेणाऱ्यानें तो घरीं बसून जोडावयाचा. ज्यांनीं तयार यंत्रें घेतलीं तेहि स्वस्थ बसले नाहींत. पेटीचे स्क्रू काढून आंत पाहिल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, नाद किती वेळ टिकावा हें प्रायः दोन लहान भागांवर अवलंबून आहे: एक रोधक आणि एक धारक. एक लाख ओहमचा रोधक आणि एक मायक्रोफॅरडचा धारक असला, तर सेकंदाच्या दहाव्या भागांत नाद मुळाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. धारक काढून त्याच्या जागीं दुप्पट क्षमतेचा डाखानें जोडला, कीं विरण्याचा काळहि दुप्पट होतो. पखवाजाची कणीक वाढविण्यासारखेंच हें आहे. कणकेच्या जागीं धारक आला, एवढाच फरक.

पॅडाचीहि अशीच दुरुस्ती चाले. एका पॅडावर काठी मारावी आणि शेजारच्या पॅडानेंहि बोलावें, हा या यंत्रांचा सार्वत्रिक खोडसाळपणा. आघाताचें कंपन सांगाड्यांतून पलीकडे जातें म्हणून असें होतें. त्यावर इलाज म्हणजे पॅड आणि सांगाडा यांच्यामध्यें रबराची चकती बसवावयाची, आणि ठराविक मर्यादेखालील झटका पेटीनें मानूंच नये अशी व्यवस्था करावयाची. दुसरी खोड अशी कीं, एका थापेला दोन आवाज निघत. गादी एकदां दबून पुन्हा थरथरते. ती थरथर यंत्राला दुसरी थाप वाटते. पहिल्या झटक्यानंतर क्षणभर यंत्रानें कान मिटून घ्यावे, असें मंडल बसविलें म्हणजे ती जाते. पण तो क्षण फार लांबला तर वादकाची खरीखुरी जलद थापहि गिळली जाते. हा क्षण किती ठेवावा हें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. प्रत्येक वादकाच्या हाताप्रमाणें तो ठरवावा लागतो.

दोषांतून गुण निघाल्याचें एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. रोलंड कंपनीनें १९८० सालीं 'टी. आर. ८०८' हें तालयंत्र काढलें. त्यांत पॅड नव्हते. परंतु त्याचे आवाज वर सांगितलेल्या रीतीनेंच, मंडलांतून घडविलेले होते. त्यांत झांजेसारखी जी सळसळ ऐकूं येते, ती आणण्यासाठीं काकेहाशीनें सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. पुढें ट्रान्झिस्टर बनविण्याची कला सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला, आणि सुमारें बारा हजार नग विकल्यावर १९८३ सालीं तें यंत्र बंद करावें लागलें. त्याच १९८० सालीं रॉजर लिन या अमेरिकन कल्पकानें खऱ्या ढोलांचे आवाज साठवून ठेवणारें यंत्र आणलें होतें. त्याच्यापुढें ८०८ चा आवाज कृत्रिम वाटे, म्हणून लोकांनीं तीं यंत्रें मातीमोल विकून टाकलीं. गरीब वस्त्यांतील तरुण वादकांनीं तीं उचललीं, आणि त्यांच्याच कृत्रिम आवाजावर पुढें नव्या संगीताचे संप्रदाय उभे राहिले.

या ८०८ चा एक धागा मुंबईस येऊन पोंचतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं हें तालयंत्र आणि रोलंडचींच आणखी दोन यंत्रें घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. खालीं यंत्राचा एकसारखा ठेका आणि वर रागाची बढत, असा तो मेळ होता. त्या वेळीं त्याची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. २०१० सालीं ती ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हां युरोप-अमेरिकेंतील जाणकार चकित झाले. कारण त्यांच्याकडे जें संगीत काहीं वर्षांनंतर जन्मलें, त्याची चाहूल मुंबईंत आधींच लागलेली दिसत होती. सिंग २०१५ सालीं निवर्तले.

पॅडाच्या कथेंतील शेवटचा मोठा टप्पा म्हणजे 'मिडी' ही सांकेतिक भाषा. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशीं बोलतां यावें म्हणून ती प्रचारांत आली; काकेहाशि आणि अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकीं होत. त्या भाषेंत थापेचा जोर शून्यापासून १२७ पर्यंतच्या आंकड्यांत सांगतात. हिच्या आधारें रोलंडनें १९८५ सालीं 'ऑक्टापॅड' आणलें. दोन ओळींत चार-चार असे आठ पॅड. पण पेटींत आवाज एकहि नाहीं! कोणता पॅड, किती जोरानें, एवढेंच तें सांगे. आवाज दुसऱ्या यंत्रांतून निघे. थाप आणि नाद यांची ताटातूट येथें पूर्ण झाली. पुढें त्याच नांवाच्या यंत्रांत आवाजहि आंतच बसविले गेले, 'एस्. पी. डी. २०' या यंत्रांत त्यांची संख्या सातशें होती.

जगांत इतरत्र हें यंत्र ढोलसंचाच्या कडेला टांगण्याची जोडवस्तु राहिलें. आपल्याकडे मात्र तें मुख्य वाद्य झालें. महाराष्ट्रांत तर त्याचें नांवहि आपल्या जिभेला रुळेल असें 'ऑक्टोपॅड' झालें. गीतांच्या ऑर्केस्ट्रांत, गरब्याच्या मंचावर, मुंबईंतील गणपतीच्या मिरवणुकींत वाजणाऱ्या बेंजो पथकांत, सर्वत्र तें दिसतें. याचें कारण उघड आहे. आपल्या एका गीतांत ढोलकी, घुंगरू, टाळ, डफ आणि परदेशी ढोल एकापाठोपाठ येतात. तेवढे वादक आणि तेवढीं वाद्यें नेणें खर्चाचें. आठ पॅडांची पेटी काखेंत मारून एक मनुष्य तें काम करतो.

येथेंच साइडमनच्या वेळचा प्रश्न पुन्हा दाराशीं येतो. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास एके काळीं मोठमोठे वाद्यवृंद बसत. १९८० नंतरच्या दोन दशकांत विजेचीं वाद्यें आणि एकेक वाद्य निराळें मुद्रित करण्याची रीत आली, तेव्हां त्यांतील अनेकांचें काम सुटलें. टाळ वाजविणारा, ढोलकी वाजविणारा, डफ वाजविणारा अशा अनेकांच्या ताटांतील भाकरी एका पेटीपुढें आली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ढोलकीच्या बोटांतील जी मींड, तबल्याच्या बांयावरचा जो घिस्सा, तो एकशें सत्तावीस आंकड्यांत मावत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. हात नसलेल्या यंत्रानें सुरू झालेली ही परंपरा अखेर हाताच्याच आश्रयाला आली. आयते ठेके पेटींत असूनहि मंचावर ऑक्टोपॅड वाजविणारा मनुष्य उभा असतो. कारण गाणारा लय ओढतो, सोडतो, श्रोत्यांच्या दादेसरशी एखादी ओळ पुन्हा घेतो, आणि हें जाणून साथ करणें पेटीला येत नाहीं. हा मनुष्य कार्यक्रमापूर्वीं काय करतो, तें जरूर पाहावें. तो एकेक पॅडावर हलकेच काठी टेकवितो. कोणता पॅड जादा संवेदी आहे तें हेरतो. ढोलकीचा सूर गायकाच्या पट्टीला जुळवून घेतो. एका थापेखालीं दोन आवाज बसवून तिसराच घडवितो. आणि मनासारखें जुळलें म्हणजेच मान डोलवितो. हलगीवाल्यानें जाळावर कातडें शेकून जें केलें, तेंच हा करीत आहे. फक्त जाळाच्या जागीं खुंटी आली आहे.

म्हणून या वाद्यास निर्जीव म्हणून झिडकारणें जसें बरोबर नाहीं, तसें सातशें आवाज विकत मिळाले म्हणजे वादन आलें असें मानणेंहि बरोबर नाहीं. सिनड्रमच्या काळीं ज्यांनीं पहिला सांपडलेला आवाज धरून ठेवला, त्यांचें नांव आज कोणी घेत नाहीं. ज्यांनीं पेटी उघडली, धारक बदलले, पॅडाखालीं रबर घातलें आणि आपल्या कानाला पटेपर्यंत खुंट्या फिरविल्या, त्यांच्यामुळें हें वाद्य वाद्य झालें. घरांतील एखाद्या मुलानें ऑक्टोपॅडचा हट्ट धरला, तर वडील मंडळींनीं तो मोडूं नये; पण त्याच्या हातांत काठी देण्यापूर्वीं त्याला एकदां ढोलकीवर थाप मारावयास लावावी. ती थाप कशी लागते हें हाताला ठाऊक असलें, म्हणजे विजेकडून काय मागावयाचें तें त्याला आपोआप कळेल.